लॅग्या

त्याचं पाळण्यातलं नाव ज्ञानेश्वर. ते आजीनं ठेवलं. दाखल्यावर, रेशनकार्डावर आणि आधारवर अजून तेच आहे. पण आमच्या अंकुशनगरात येऊन तुम्ही 'ज्ञानेश्वर कुठं राहतो?' असं विचारलंत, तर समोरचा तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून विचारील, "कोणता?" पैठण-आपेगावच्या शेजारचा हा टापू, इथं ज्ञानेश्वरांना तोटा नाही. त्यापेक्षा 'लॅग्या' म्हणा. शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला दारापर्यंत सोडून येईल.

हे नाव त्याला कुणी ठेवलं नाही, त्यानं ते स्वतःच्या कष्टानं मिळवलं. मोबाईलवरच्या लढाईत तो मेला की एकच वाक्य म्हणतो, "लॅग आला." लॅग म्हणजे खोळंबा. तुम्ही इथं बटण दाबायचं आणि तिथं गोळी सुटायला उशीर व्हायचा. तेवढ्यात समोरच्याची गोळी वेळेवर येते. लॅग्याला आजवर समोरच्या माणसानं कधीच मारलेलं नाही. त्याला मारलं ते लॅगनं, माईकनं, बोटाच्या घामानं, नाहीतर चार्जरच्या वायरनं.

बरं, हे खेळापुरतंच असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण बारावीला गणितात अडतीस मार्क पडले ते बॉलपेन अडकत होतं म्हणून. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावताना मागं पडला ते बुटाचा सोल नवा होता म्हणून. कॉलनीच्या क्रिकेटमध्ये शून्यावर त्रिफळा उडाला, तर बॅट डोळ्यांपुढं आडवी धरून तिची कड असा काही न्याहाळतो की, गोलंदाजालाच वाटावं, अरे, आपण काहीच केलं नाही, सगळं त्या फळकुटानंच केलं! नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण तुमच्याआमच्यासाठी टोमणा आहे. लॅग्यासाठी ती तक्रार अर्जाचा नमुना आहे.

आता गंमत बघा, हा जन्माला आला कुणाच्या पोटी? वजनकाट्यावरच्या बाबूच्या!

अंकुशनगर हे साखर कारखान्याभोवती उभं राहिलेलं गाव. अंबड तालुका, जिल्हा जालना. समर्थ सहकारी साखर कारखाना हे त्याचं काळीज, आणि अंकुशराव टोपे यांच्यावरून त्याचं नाव. हंगाम सुरू झाला की इथली माणसं घड्याळ बघत नाहीत, भोंगा ऐकतात. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या येत राहतात, हवेला मळीचा गोड-आंबट वास सुटतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर सकाळी चिमणीच्या राखेची बारीक रांगोळी उमटलेली असते. लॅग्याचे वडील तीस वर्षं काट्यावर. भरलेली गाडी चढवायची, आकडा लिहायचा, रिकामी गाडी चढवायची, आकडा लिहायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही काट्यावर बसणाऱ्या माणसाला जन्मभर एकच वाक्य ऐकावं लागतं, "साहेब, काटा बघा की जरा." म्हणजे ह्या गृहस्थांचं सगळं आयुष्य यंत्राची बाजू घेण्यात गेलं. "काटा खोटं बोलत नसतो," हे त्यांचं ब्रीद. आणि घरी येऊन बघतात तर पोरगा जगातल्या समस्त यंत्रांविरुद्ध फिर्यादी होऊन बसलेला.

लॅग्याला बघायचं तर रात्री अकरानंतर बघावं. पुढच्या खोलीत पलंग, पलंगावर मांडी, मांडीवर उशी, उशीवर मोबाईल. डोक्यावर हेडसेट. डाव्या कानावरची वाटी बरोबर कानावर, उजवीकडची मात्र कानाच्या मागं सरकवलेली. कारण एका कानानं शत्रूची पावलं ऐकायची असतात आणि दुसऱ्यानं वडिलांची. वाट्यांचं काळं रेक्झिन सोलून निघालंय, त्याचे कपटे त्याच्या कानशिलाला आणि मानेला चिकटलेले असतात. आंघोळ करूनही जात नाहीत. माईकची दांडी मधोमध मोडली होती, ती त्यानं मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या पिवळ्या चिकटपट्टीनं बांधलीय. माईकच्या टोकावरचं स्पंजचं टोपरं हरवलं तेव्हा आजीनं देवापुढच्या वातींमधली एक फुलवात काढून दिली. ती त्यानं टोकावर बसवून दोऱ्यानं आवळली. तेव्हापासून त्याच्या श्वासाचा फुसफुसाट पलीकडच्यांना ऐकू जात नाही. हे जुगाड नाही, शास्त्र आहे. तोंडातली हवा थेट पडद्यावर आदळू नये एवढंच त्या टोपऱ्याचं काम, आणि ते फुलवातीलाही जमतं. फक्त दांडीवर थोडं तूप लागलेलं असतं.

ह्या हेडसेटपर्यंतचा प्रवास सोपा नव्हता. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि दोन वर्षांत आमच्या कॉलनीतली पोरं पारावरून उठून पब्जीच्या विमानात जाऊन बसली. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, चौघाचौघांची टोळी करतात आणि शेवटी एकच टोळी उरते. बेट आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. त्यावरच्या गावांची नावं रशियन धाटणीची, जिभेला न वळणारी. लॅग्यानं पहिल्या आठवड्यातच त्यांचं बारसं केलं. मधलं गजबजलेलं पोचिंकी झालं वाडीगोद्री. दक्षिणेच्या लष्करी बेटाकडं जाणारा पूल झाला शहागडचा पूल, आणि त्या पुलावर दबा धरून येणाऱ्याजाणाऱ्याला टिपणं म्हणजे 'टोल घेणं'. त्यामुळं हा एकदा अनोळखी टोळीत शिरला आणि "वाडीगोद्रीत उतरा, तिथून शहागडला जाऊन टोल घेऊ," म्हणाला, तेव्हा पलीकडचा हैदराबादचा पोरगा बराच वेळ नकाशा चाचपत होता म्हणे. तेवढ्यात चौघंही मेले. कारण? लॅग.

पहिला इयरफोन त्यानं बाजारातून आणला, फेरीवाल्याच्या उलट्या छत्रीतून. घरी येऊन फोनला लावला, परीक्षेसाठी आजीचा अभंग लावला, आणि काय चमत्कार! टाळ ऐकू येतोय, मृदंग ऐकू येतोय, पण बुवाच गायब. लांब विहिरीच्या तळातून कुणी हुंकार द्यावा तेवढाच त्यांचा आवाज. "काका, बुवा कुठं गेले?" म्हणत तो माझ्याकडं आला. मी कारखान्याच्या शेतकी विभागात कारकून. मला उसाच्या जाती विचारा, बुवांचं काय सांगणार? पण ह्या पठ्ठ्यानं दोन दिवसांत शोध लावला. त्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार कप्पे. दोन कप्पे दोन कानांचे, एक माईकचा आणि एक सगळ्यांच्या परतीच्या वाटेचा. शेवटच्या दोघांत आधी कोण, नंतर कोण, यावरून कंपन्यांत दोन पंथ आहेत. एका पंथाचा फोन आणि दुसऱ्या पंथाचा इयरफोन अशी सोयरीक जुळली की परतीची वाट तुटते, आणि दोन्ही कानांत सारखं असतं तेवढंच नेमकं एकमेकांत विरून जातं. गाण्यात दोन्ही कानांत सारखा असतो तो गाणारा. म्हणून बुवा गेले आणि टाळकरी उरले. वायरीवरचं बटण दाबून धरलं की बुवा परत येतात. लॅग्यानं तो अख्खा अभंग बटण दाबून धरून आजीला ऐकवला.

मला कबूल केलं पाहिजे, त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. अंगण वाकडं आहे म्हणणारे पुष्कळ. ओळंबा लावून किती वाकडं आहे ते सांगणारा विरळा. आणि त्याचं दुर्दैव हेच की, एकदा अंगण खरोखर वाकडं निघालं.

मग 2020 साल आलं. 1 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले. दुसऱ्या दिवशी, 2 सप्टेंबरला सरकारनं 118 चिनी अॅपांवर बंदी घातली आणि पब्जीही गेला. लॅग्याच्या घरात दोन विसर्जनं लागोपाठ झाली. पंधरा दिवस तो कॉलनीत असा फिरत होता की अनोळखी माणसानं 'घरी कोण गेलं?' म्हणून विचारावं. पुढं 2 जुलै 2021 ला तोच खेळ नाव बदलून बीजीएमआय म्हणून परत आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला. "काका, गणपतीनंतर दरवर्षी येणारं-जाणारं हेच एक दैवत," असं तो म्हणायचा. ह्या सगळ्या काळात तो हरला, तर दोष सरकारचा. ही एवढीच वर्षं त्यानं यंत्राला जरा मोकळं सोडलं.

त्यानंतर ब्लूटूथ आलं. वायर नाही, पीन नाही, पंथ नाही. दोन दिवस स्वारी खूश. तिसऱ्या दिवशी निर्णय आला, "काका, हे तर पहिल्यापेक्षा भिकार." आणि ह्यातही तथ्य होतं, हेच तर अवघड! बिनतारी हेडसेटचा माईक चालू केला की तो टेलिफोनच्या रीतीवर उतरतो. मघाशी दोन्ही कानांत भरून वाजणारा आवाज एकदम ट्रंककॉलसारखा चपटा होतो. तोंडाला परवानगी दिली की कानाचं रेशन कापलं जातं. वर आवाज हवेतून यायला शेकड्यानं मिलिसेकंद घेतो. म्हणजे शत्रू दार उघडून आत येतो, मारतो, आणि मग दार उघडल्याचा आवाज येतो. लॅग्यानं ते यंत्र वडिलांना देऊन टाकलं. ते त्यावर बातम्या ऐकतात. बातम्या उशिरा आल्या तरी त्यांची हरकत नसते.

कंट्रोलरची कथा तर बखर लिहावी अशी. दिवाळीच्या बोनसमधून आईनं गुपचूप दिलेल्या पैशांचा तो कंट्रोलर. खोकं कारखान्याच्या गेटवर आलं, तेव्हा लॅग्या ते दोन्ही हातांत धरून, बारशाला नेतात तसं घेऊन आला. दोन्ही हातांत मावणारं काळं बूड, दोन अंगठ्यांना दोन मुसळ्या, तर्जन्यांना घोडे. फोनला जोडलं. खेळ उघडला. मुसळी हलवली. माणूस जागचा हलेना. बटण दाबलं, काही नाही. मागाहून कळलं की मोबाईलवरच्या ह्या खेळात तेव्हा कंट्रोलरला मान्यताच नव्हती. बोटांनी खेळणाऱ्यांवर अन्याय होतो म्हणून. आता ह्यात यंत्राचा दोष नाही, खेळाचा नाही, लॅगचा नाही. विकत घेण्याआधी विचारायचं राहिलं, एवढंच. लॅग्या तासभर गप्प बसला. मग म्हणाला, "खोक्यावर लिहायला पाहिजे होतं."

तो कंट्रोलर मग मोटारशर्यतीच्या कामी आला. सहा महिने बरे गेले आणि मग गाडी आपोआप डावीकडं ओढायला लागली. अंगठा काढला तरी डावीकडंच. कॉलनीतल्या पोरांना वाटलं, झालं ह्याचं सुरू. पण लॅग्यानं स्क्रू काढून ते पोट माझ्यापुढं उघडं केलं. मुसळीच्या बुडाशी आडवे-उभे दोन बारके जीव बसवलेले असतात. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवलं की आत जे फिरायचं, त्याचीच ही नातवंडं. आतल्या काळ्या पट्टीवर एक टोक घासत राहतं आणि पट्टी झिजली की मुसळी सरळ उभी असतानाही यंत्राला वाटतं, कुणीतरी तिला कलवलंय. काही कंट्रोलरमध्ये हल्ली पट्टीऐवजी लोहचुंबक घालतात. त्यात काही घासतच नाही, म्हणून झिजत नाही. लॅग्याच्या वडिलांनी हे सगळं उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाले, "आमचा एक बैल आसाच डावीकडं वढायचा. आज्ज्यानं त्याला जू बदलून उजवीकडं जुंपला. मंग गाडी सरळ. त्यानं बैलाची तक्रार नाही केली."

लॅग्या म्हणाला, "पप्पा, बैलाला वॉरंटी नव्हती म्हणून."

एकदा मी त्याच्यावर नेम धरून चंद्र सोडला. म्हटलं, "अरे, 1969 साली आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तेव्हा त्याचा आवाज हेडसेटच्याच माईकमधून आला. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या वर. नुसता शब्द जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला आणखी सव्वा. तुझ्या हिशोबानं पिंग, म्हणजे जाऊन यायचे मिलिसेकंद, किती झालं?"

तो पुटपुटला, "अडीच हजार."

"आणि तुझं किती असतं?"

"नव्वद. कधी शंभर."

"अडीच हजार पिंगवर माणूस चंद्रावर उतरला. 'लॅग आला' म्हणाला का?"

लॅग्यानं क्षणभर विचार केला. "काका, पण समोरून त्याला कोणी गोळ्या मारत होतं का?"

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी घरचा दाखला काढला. समर्थ रामदासांचं जांब आपल्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. बोहल्यावर उभे असताना भटजी 'सावधान' म्हणाले आणि ते तसेच मांडवातून निसटले, ही गोष्ट इथल्या पोराला दुधाबरोबर मिळते. म्हटलं, "एक शब्द कानावर पडला आणि त्याच घटकेला माणूस हलला. ह्याला म्हणतात ऐकणं. तुझ्या टोळीतला पोरगा तीनदा 'मागं बघ' म्हणून ओरडला, तरी तू मेलास."

"काका," लॅग्या शांतपणे म्हणाला, "समर्थांच्या टायमाला मांडवात डीजे नव्हता."

एवढं बोलल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला खुमखुमी आली. म्हटलं, आण इकडं तो टोप. त्यानं हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. तुपाचा मंद वास आला. आणि पुढच्या क्षणी माझी खोली नाहीशी झाली. उजव्या कानामागं गवतात कुणी चालतंय, डावीकडं लांब मोटार गेली, डोक्यावर विमान घरघरतंय. एक पोरगा माझ्या कवटीच्या मधोमध बसून हिंदीत विचारतोय, "भाई, तू कौन है?" मी म्हटलं, "शेतकी विभाग." पलीकडं शांतता पसरली. मी धावलो, भिंतीला अडलो, वळलो, आणि मेलो. हेडसेट काढला तेव्हा कान घामानं भिजले होते. मी म्हणालो, "अरे, पण ह्याच्यात पावलांचा आवाज जरा उशिरा येतो का रे?"

लॅग्या नुसता हसला. मंदिरात नवा माणूस आपणहून टाळ उचलतो, तेव्हा जुना वारकरी हसतो ना, तसं.

आता आजी. आजीबद्दल न सांगता लॅग्या पुरा होत नाही. आजीला सात-आठ वर्षांपासून ऐकू कमी येतं. नातवाच्या डोक्यावर पहिल्यांदा तो टोप आणि तोंडापुढं आलेली दांडी बघितली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. कारण असा माईक तिनं आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडापुढं बघितला होता. सप्ताहातल्या कीर्तनकारमहाराजांच्या. हल्ली महाराजांचे दोन्ही हात चिपळ्यांना मोकळे राहावेत म्हणून कानामागून दांडी आणलेला माईक लावतात. आजीनं हिशोब केला. नातवाचं नाव ज्ञानोबा, तोंडापुढं महाराजांचा माईक, रोज रात्री अकराला बसतो, हातवारे करतो, मध्येच ओरडतो, मध्येच गहिवरतो, आणि त्याच्यामागं तीन गडी साथीला आहेत असं सूनबाई म्हणते. दुसरं काय असणार? "आमचा ज्ञानोबा कीर्तन शिकू लागलाय कॉम्प्युटरवर," असं तिनं अख्ख्या कॉलनीत सांगितलं. कुणी तिचा समज मोडला नाही. मी तर नाहीच. एकादशीला ती त्याच्या फोनपुढं शेंगदाण्याचा लाडू ठेवायची.

ऐकू येत नसलं की माणूस मोठ्यानं बोलतो. त्यातून एक दिवस अशी गोष्ट घडली की तिला आमच्या कॉलनीच्या इतिहासात जागा मिळाली. लॅग्या शेवटच्या दहांत उरलेला. गवतात पालथा, श्वास रोखून. माईक चुकून 'ऑल'वर राहिलेला, म्हणजे जवळपासचे शत्रूही ऐकू शकतात असा. आणि मोरीतून आजी गर्जली, "ज्ञानोबाऽऽ! नळाला पाणी आलं! बादली लाव!"

दगडामागून एक अनोळखी आवाज आला. शत्रूचा. तोही मराठी, वऱ्हाडी वळणाचा. "भाऊ, तू गवतात हायेस नं? जा, आधी बादली लाव. मी थांबतो."

लॅग्या म्हणतो, तो खरंच थांबला. हा उठला, बादली लावली, पिंप भरलं, परत येऊन बसला. शत्रूनं विचारलं, "भरलं?" हा म्हणाला, "भरलं." मग त्यानं ह्याला मारलं. आयुष्यातला हा एकच मृत्यू आहे ज्याबद्दल लॅग्यानं कुठल्याही यंत्राला बोल लावला नाही. "माणूस चांगला होता," एवढंच म्हणतो.

गेल्या हंगामात वडिलांनी आजीला श्रवणयंत्र आणलं. घरात ते बसवणारा एकच तज्ज्ञ. लॅग्यानं ते तळहातावर घेऊन असं निरखलं की सोनारानं नथ निरखावी. शेंगदाण्याएवढं यंत्र, पण त्यात सगळं आहे, माईक, आवाज वाढवणारा भाग आणि कानात बोलणारा भाग. म्हणजे आजीचा हेडसेटच. बटणासारख्या बॅटरीवरचा रंगीत कागद त्यानं सोलला आणि मिनिटभर ती तशीच उघडी ठेवली. ह्या बॅटरीला हवा लागली की मगच ती जागी होते. आधी यंत्र शिट्टी मारत होतं, कानात नीट बसत नव्हतं म्हणून. त्यानं दुसरी, मोठी टोपी बसवली, आजीची पांढरी बट हळूच मागं सारली, बारीकशी कळ वर सरकवली.

आजी दचकली. मग गप्प बसून तिनं कान दिला. पंखा ऐकला. ताटाची किणकिण ऐकली. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "हे काय घुमू लागलंय?"

"कारखाना, आजी."

"सुरू झाला?"

"महिना झाला."

आजी बराच वेळ त्या घरघरीकडं कान लावून बसली. मी लॅग्याकडं बघितलं. इतक्या यंत्रांना नावं ठेवणारा हा पोरगा त्या शेंगदाण्याएवढ्या यंत्राच्या पाया पडेल की काय, असं मला वाटलं.

पण कान आल्याबरोबर आजीनं काय करावं? तर इतकी वर्षं नुसतं डोळ्यांनी बघितलेलं कीर्तन ऐकायचं ठरवलं. त्या रात्री मी वडिलांबरोबर ओट्यावर बसलो होतो. ते दुसरी पाळी करून नुकतेच आले होते. आत लॅग्याची लढाई रंगात आलेली. आजी हातात जपमाळ घेऊन, पदर सावरून, खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. वाटी मागं सरकवलेला लॅग्याचा कान नेमका आमच्याकडं होता. आणि टोळीतल्या कुणीतरी ऐन वेळी कच खाल्ली असावी. लॅग्याच्या मुखातून त्या पोराच्या कुळाचा जो उद्धार बाहेर पडला, तो इथं छापता येणार नाही. मराठी-हिंदी मिळून आठ-दहा शब्द, त्यात तीन पिढ्या आल्या होत्या.

आम्ही ओट्यावर गार. आजीची माळ थांबली. लॅग्यानं मान वळवली, आजीला बघितलं, आणि त्याचा हात माईकवरच्या फुलवातीवर गेला तो तिथंच राहिला.

आजीनं हळूच कानातलं यंत्र काढलं. उलटसुलट करून बघितलं. मग ते मुलापुढं धरलं. "हे बिघडलंय रे. दुकानदाराला परत दे. ह्याच्यात माझ्या ज्ञानोबाच्या तोंडून वंगाळ ऐकू येऊ लागलं."

काट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस काही बोलला नाही. त्यानं फक्त पोराकडं बघितलं. आता सुटका अगदी सोपी होती. 'हाव आजी, बिघडलंच आहे,' एवढं म्हणायचं. सगळ्या जन्मात ह्याच वाक्याची तर त्यानं तयारी केली होती.

लॅग्या पलंगावरून उतरला. डोक्यावरचा टोप काढून ठेवला. कानशिलाला काळे कपटे तसेच चिकटलेले. आजीजवळ उकिडवा बसून त्यानं ते यंत्र घेतलं, तिच्या कानात परत बसवलं आणि खाली मान घालून म्हणाला, "आजी, यंत्र चांगलंय."

आजी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, तिथला एक कपटा बोटानं उचलून झटकला आणि निर्वाळा दिला.

"मंग तुझा तो लॅग आला आसंल."